टायोगा खिंडीजवळ कॅम्पिंगला जाताय? या चुका टाळा

मे महिना लागला की सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "टायोगाकडे कॅम्पिंगला जायचंय, काय काय न्यायचं?" मग तंबू, टॉर्च, मॅगी, पत्त्यांचा कॅट अशी यादी वाढत जाते. रस्ता उघडलाय का, हे कुणीच विचारत नाही.

मी या भागात गेली चौदा-पंधरा वर्षं जातेय. पहिली तीन-चार वर्षं तर आम्ही चुका करायलाच जात होतो म्हटलं तरी चालेल. खाली लिहिलंय त्यातलं निम्मं आमच्या घरचं आहे, उरलेलं शेजारच्या साइटवर बघितलेलं.

आधी जागा सांगते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कच्या पूर्वेकडच्या दरवाजातून, म्हणजे टायोगा पासवरून, पलीकडे उतरायला लागलं की इन्यो नॅशनल फॉरेस्ट सुरू होतं. टायोगा लेक, एलरी लेक, जंक्शन, सॉमिल, सॅडलबॅग लेक ही तिथली छोटी छोटी कॅम्पग्राउंडं साधारण साडेनऊ ते दहा हजार फुटांवर आहेत. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे तुम्ही तंबू ठोकता ती जागाच महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या जवळजवळ पावणेदोन पट उंच. ही उंची आणि तिथे कित्येक महिने साचून राहणारा बर्फ, या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या नाहीत की बाकीच्या चुका ओळीने होत जातात.

कॅलेंडर बघून निघणं

टायोगा रोड हिवाळ्यात बंद असतो. तो कधी उघडणार हे कुठलंही कार्यालय आधी सांगू शकत नाही, कारण ते बर्फ ठरवतो. २०१५ साली, ऐन दुष्काळात, रस्ता ४ मेला उघडला होता. २०२३ साली इतका बर्फ पडला की २२ जुलै उजाडला. एकाच रस्त्यासाठी अडीच महिन्यांहून जास्त फरक! तेव्हा वेबसाइटवर कॅम्पग्राउंडपुढे 'जून ते ऑक्टोबर' असं लिहिलेलं असतं तो अंदाज असतो, वचन नव्हे.

आम्ही एकदा मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत निघालो. "लाँग वीकेंड आहे, उघडला असेलच," असं म्हणून नवऱ्याने गाडी काढली. टायोगा रोड जिथे सुरू होतो त्या क्रेन फ्लॅटला पोचलो तर फाटक बंद. त्या वर्षी सोनोरा पासचा १०८ नंबरचा रस्ताही बंदच होता, म्हणजे सिएरा ओलांडायला आता उत्तरेकडे वळून ८८ नाहीतर ५० नंबरचा महामार्ग गाठायचा आणि मग ३९५ने खाली यायचं. मागच्या सीटवर दोन मुलं, डिकीत वितळत चाललेला बर्फ. पूर्ण दिवस गाडीत गेला. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा, कॅलट्रान्सचं, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचं, क्विकमॅप बघितल्याशिवाय गाडीची किल्ली हलत नाही.

रस्ता उघडला की कॅम्पग्राउंडही उघडलं, हा पुढचा गैरसमज. रस्त्यावरचा बर्फ यंत्राने काढतात, साइटवरचा आपोआप वितळायची वाट बघतात. मग पडलेली झाडं हलवायची, पाण्याचे पाइप तपासायचे, शौचालयं साफ करायची. यात बरेच दिवस जातात.

हंगामाच्या शेवटी गंमत उलटी होते. रात्री पारा शून्याखाली जायला लागला की पाइप फुटू नयेत म्हणून नळ बंद करतात. फाटक उघडं असतं, शौचालय चालू असतं, पाणी नसतं. जंक्शन आणि सॉमिलला तर पिण्याच्या पाण्याचा नळ मुळातच नाही. म्हणून 'उघडं आहे का?' एवढाच प्रश्न अपुरा आहे. फाटक उघडलंय का, पाणी चालू आहे का, चूल पेटवायला परवानगी आहे का, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. ली व्हाइनिंगजवळच्या व्हिजिटर सेंटरमध्ये नीट उत्तरं मिळतात. आणि उत्तर काहीही मिळालं तरी पहिल्या दिवसाचं पाणी घरून न्या, माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर.

उन्हाळ्याच्या शेवटाला वणव्यांचं लचांडही असतं. २०२१ साली ऑगस्टअखेरीस कॅलिफोर्नियातली जवळजवळ सगळी नॅशनल फॉरेस्ट्स एका झटक्यात बंद केली होती, ती पार सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेची सगळ्यांची बुकिंगं त्यात गेली. ऑगस्ट-सप्टेंबरचा बेत असेल तर धूर आणि आगीची माहिती रोज बघायची सवय लावून घ्या आणि समुद्रकिनाऱ्याकडची एखादी जागा मनात धरून ठेवा.

पार्क आणि फॉरेस्ट एकच समजणं

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट एकाच खात्याकडे असतील, फॉरेस्ट म्हणजे पार्कचाच धाकटा भाऊ, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पार्क अंतर्गत व्यवहार खात्याच्या ताब्यात, तर फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ पासून शेतीखात्याच्या ताब्यात. फॉरेस्टच्या जमिनीवर लाकूडतोड, चराई, पाणी, शिकार, करमणूक असे सगळे वापर चालतात. इन्यो तर १९०७ साली राखीव केलं तेच मुळी लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या कालव्याच्या सोयीसाठी. त्यामुळे पार्कातल्यासारखं दुकान, शटल, गरम पाण्याचे शॉवर, दर तासाला दिसणारा रेंजर अशा अपेक्षा घरी ठेवून या. बऱ्याच ठिकाणी कारभार कंत्राटदाराकडे असतो आणि रोजच्या कामाला एक कॅम्प होस्ट, बहुधा निवृत्त जोडपं, स्वतःच्या आरव्हीत, म्हणजे राहायच्या गाडीत, मुक्काम ठोकून असतं. त्यांच्याशी पहिल्याच दिवशी दोन शब्द बोला. कुठल्या साइटवर सकाळचं ऊन लवकर येतं आणि काल रात्री अस्वल कुठून आलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

दुसरा घोळ पासचा. नॅशनल पार्कांचा वार्षिक पास घेतला की पार्कात शिरायचे पैसे वाचतात, आणि बे एरियातून टायोगाला येताना योसेमिटी ओलांडायचं असल्याने तो उपयोगी पडतोच. पण कॅम्पग्राउंडचं रात्रीचं भाडं त्यात नसतं. ते वेगळं भरायचं.

भारतातून आलेल्या आईबाबांच्या बाबतीत आणखी एक ऐका. बासष्टीच्या पुढच्यांना सीनियर पास मिळतो आणि त्यावर बऱ्याच फॉरेस्ट कॅम्पग्राउंडांवर निम्म्या भाड्यात राहता येतं, हे खरं. पण तो पास अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या सासूबाईंचा पासपोर्ट काउंटरवर दाखवून उपयोग नाही. (आम्ही दाखवला होता. काउंटरवरच्या बाई फार गोड हसल्या.)

शुक्रवारी रात्री पोचणं

टायोगाजवळच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडांची रीत आरक्षणाची नाही, जो आधी येईल त्याची साइट. बे एरियातून शुक्रवारी ऑफिस आटोपून निघालात तर रात्री दहाला पोचता, आणि तोवर एकूण एक खांबावर कुणाची तरी चिठ्ठी लटकत असते. गुरुवारी दुपारपर्यंत किंवा रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जा. रविवारी लोक तंबू गुंडाळत असतात.

पैसे भरायची पद्धत नवख्याला बुचकळ्यात टाकते. फाटकाजवळ लोखंडी नळकांडं रोवलेलं असतं, त्याला इथे आयर्न रेंजर म्हणतात. शेजारी लिफाफ्यांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेली, कुणीतरी चावलेली पेन्सिल. आधी आत चक्कर मारून रिकामी साइट शोधायची, सामान टाकायचं, मग परत येऊन लिफाफ्यावर साइट नंबर, गाडीचा नंबर आणि निघायची तारीख लिहायची, नेमके पैसे आत घालायचे, लिफाफ्याची पट्टी फाडून घ्यायची आणि लिफाफा फटीतून आत सोडायचा. ती पट्टी आपल्या साइटच्या खांबाला अडकवली की जागा तुमची. बहुतेक ठिकाणी यासाठी अर्धा तास देतात. सुटे नसतील तर लिफाफ्यात शंभराची नोट गेली की गेली, ते नळकांडं मोड परत देत नाही. चेकबुक असेल तर जवळ ठेवा. काही ठिकाणी आता फोनने कोड स्कॅन करून पैसे भरता येतात, पण त्याचं ॲप घरूनच उतरवून, लॉगिन करून आणावं लागतं. तिथे फोनला रेंज नसते.

'मागून दोन गाड्या येताहेत' म्हणून शेजारच्या साइटवर खुर्ची ठेवून जागा धरायची नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची सवय इथे चालत नाही.

जिथे आरक्षण असतं तिथे बहुधा सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी सात वाजता, रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर बुकिंगची खिडकी उघडते. सातला म्हणजे सातला. सव्वासातला चहा घेऊन बसलात तर जुलैचे शनिवार संपलेले असतात.

एका साइटवर चार कुटुंबं

बहुतेक साइटवर सहा माणसं आणि एक-दोन गाड्या, एवढीच मुभा असते. आपला स्वभाव 'अरे, मावतील की' असा. मावतात, पण होस्टने कळवलं तर फॉरेस्टचा अधिकारी येऊन दंडाची पावती फाडू शकतो, आणि नाही फाडली तरी रात्री दहानंतर वीस माणसांचं हळू बोलणंही सगळ्या दरीत ऐकू जातं. मोठा गट असेल तर ग्रुप साइट घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, आणि त्यात अंताक्षरी बसत नाही.

उंचीला देखावा समजणं

बे एरियातलं फ्रीमाँट समुद्रसपाटीला. टायोगा पास ९,९४३ फुटांवर. मधलं अंतर गाडीने पाच तासांचं. शरीराला एवढ्या वेळात काही कळत नाही, ते रात्री कळतं: डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही, मुलं जेवायला मागत नाहीत आणि आपण म्हणतो प्रवासाचा शीण असेल. हा शीण नव्हे, उंची लागलेली असते.

जमलं तर पहिली रात्र खाली काढा. ली व्हाइनिंगच्या दरीत सात-साडेसात हजार फुटांवर कॅम्पग्राउंडं आहेत, तिथे एक मुक्काम केला की दुसऱ्या दिवशी वर चढताना निम्मा त्रास कमी होतो. पहिल्या दिवशी लांब ट्रेक नको, दारू नको, पाणी मात्र पीत राहा. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या थांबेनात, माणूस चालताना झोकांड्या खायला लागला किंवा असंबद्ध बोलायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही. तंबू तिथेच सोडून त्याला गाडीत घालून खाली उतरायचं. दोन-तीन हजार फूट उतरणं हाच पहिला उपाय, आणि गरज पडली तर पुढे मॅमथ लेक्स गावात हॉस्पिटल आहे. आईबाबांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर बेत ठरवण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

आता स्वयंपाक. आमची पहिली खिचडी मला आजही आठवते. पातेल्यात पाणी खळखळ उकळत होतं, वाफा येत होत्या, तासभर झाला तरी डाळ दातांखाली कचकच. गॅस मोठा केला, झाकण घातलं, शेवटी मुलांना ब्रेड-जॅम दिला. कारण साधं आहे: एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. मग कितीही खळखळू द्या, त्याच्या वर तापमान जात नाही. तूरडाळ, हरभरे, राजमा ९० अंशांत शिजायचे नाहीत. राजमा तर अर्धाकच्चा पोटात गेला की पोट चांगलंच बिघडवतो.

तेव्हा कुकर न्या. घरचा तीन लिटरचा पुरे. मात्र कुकरही तिथे घरच्याइतका तापत नाही, कारण शिट्टीचं वजन बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब साचला एवढंच बघतं, आणि बाहेरची हवाच विरळ आहे. आतलं तापमान पाच-सहा अंश कमी राहतं. घरी तीन शिट्ट्यांत होणाऱ्या डाळीला पाच द्या, आणि डाळ निघायच्या आधीच भिजत घाला. भात पातेल्यात करायचाच तर पाणी जास्त, वेळ जास्त, आणि मऊ झाला नाही तर त्याला फोडणीचा भात म्हणा.

त्याहून शहाणपणाचं म्हणजे घरी शिजवून नेणं. पावभाजीची भाजी, शिजवलेली डाळ, उसळ, सगळं झिपच्या पिशव्यांत आडवं पसरून गोठवायचं. कूलरमध्ये त्या लाद्याच बर्फाचं काम करतात आणि तिसऱ्या दिवशीपर्यंत पुरतात. रिकाम्या बाटलीत पाणी गोठवून नेलं तर ते नंतर पिताही येतं.

शिट्टीवरून आठवलं. एका सकाळी साडेसहाला माझ्या कुकरने पहिली शिट्टी दिली आणि वरच्या दगडांतून तश्शीच शिट्टी परत आली. मी दचकले. तो मार्मट होता. पिवळ्या पोटाचा, मांजरीएवढा, खारीच्या कुळातला प्राणी. धोका दिसला की शिट्टी मारतो. पुढच्या चार शिट्ट्यांना त्याने इमानदारीत उत्तर दिलं, आणि समोरच्या तंबूतलं जोडपं झिप उघडून बघत राहिलं, की नक्की कोण कुणाला बोलावतंय.

पिशव्या फुगतात, हेही सांगून ठेवते. चिवड्याची पाकिटं फुग्यासारखी टम्म होतात, दह्याच्या डब्याचं झाकण वर येतं, सनस्क्रीनची ट्यूब उघडताच पिचकारी मारते. लोणच्याची बरणी सावकाश, कागदात धरून उघडा.

जुलै आहे म्हणून पातळ चादर

दिवसा टी-शर्टमध्ये फिरता, रात्री तीन-चार अंश. कधी पहाटे बाटलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा येतो, भर जुलैतसुद्धा.

थंडी वाजते ती बहुतेक वेळा वरून नाही, खालून. घरातली पाहुण्यांची मोठी हवा भरायची गादी आणली की काम बिघडलंच, कारण आतली सगळी हवा जमिनीइतकी गार होते आणि आपण रात्रभर ती गरम करत बसतो. तिच्याऐवजी कॅम्पिंगची, उष्णता रोखणारी मॅट घ्या. पाकिटावर आर-व्हॅल्यू, म्हणजे मॅट उष्णता किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते, चारच्या आसपास असली की बरी. ती नसेल तर फोमची घडीची मॅट गादीवर, म्हणजे अंगाच्या बाजूला, टाका.

स्लीपिंग बॅगेवर '२० डिग्री फॅरनहाइट' लिहिलेलं असतं. हा आकडा बहुधा 'एवढ्या थंडीत कसाबसा निभाव लागेल' याचा असतो, 'सुखाने झोप लागेल' याचा नव्हे. आतल्या लेबलवर 'कम्फर्ट' असा वेगळा आकडा मिळतो, तो बघून घ्या. दिवसभराच्या घामाच्या कपड्यांत झोपू नका, झोपायचा जोड वेगळा ठेवा. आणि ओढ्याकाठच्या खोलगट हिरवळीवर तंबू लावायचा मोह आवरा. गार हवा रात्री उतरून तिथेच साचते, वर डासही तिथलेच.

सकाळी तंबू आतून ओला मिळाला तर तो गळत नसतो. आपल्याच श्वासातली वाफ कापडावर पाणी होऊन टिपकत असते. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्यात, हे त्याचं कारण. वरची जाळी थोडी उघडी ठेवा.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे, ती हसण्यावारी न्यायची नाही. थंडी कितीही असो, शेगडी, कोळसे, गॅसचा स्टोव्ह किंवा हीटर तंबूत आणायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

अस्वल म्हणजे रात्रीचं संकट असं समजणं

कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली आहे, पण जंगलातला ग्रिझली इथून १९२०च्या दशकातच संपला. आता उरलंय ते काळं अस्वल, जे कितीदा तपकिरी किंवा दालचिनीच्या रंगाचं असतं आणि लोकांची उगाच घाबरगुंडी उडवतं. त्याला तुमच्यात रस नाही. त्याला तुमच्या डब्यात रस आहे, आणि त्याचं नाक आपल्या कल्पनेपलीकडचं असतं.

साइटवर लोखंडी पेटी असते, बेअर बॉक्स. अन्न त्यात ठेवायचं हे सगळ्यांना कळतं. चूक होते ती 'अन्न' म्हणजे काय यात. टूथपेस्ट, साबण, लिपबाम, खोबरेल तेल, बाळाचे वाइप्स, वापरलेले डायपर, उदबत्तीचा पुडा, चुइंगम, रिकामा कूलर, सीलबंद डबे, कचऱ्याची पिशवी: ज्याला ज्याला वास आहे ते सगळं पेटीत. आणि पेटी फक्त रात्रीच बंद करायची असं नाही. तुम्ही तळ्यावर गेलात की दुपारी, भर उन्हात, अस्वल येऊन पोह्यांचा डबा घेऊन जातं.

गाडी सुरक्षित आहे, हा दुसरा भ्रम. अस्वलाने गाडीचं दार पत्र्यासारखं वाकवलेलं मी स्वतः पाहिलंय. नंतर कळलं की आत जेवण नव्हतंच. मुलाच्या कार सीटच्या फटीत शंकरपाळ्यांचा चुरा होता. आता आम्ही निघायच्या आदल्या दिवशी गाडी व्हॅक्युम करतो, सीट काढून, उलटी झटकून.

कूलर घ्यायच्या आधी पेटीचं माप बघून ठेवा. सगळ्या पेट्या एका मापाच्या नसतात, आणि पन्नास क्वार्टचा उंच कूलर दारात अडला की रात्री अकराला तो रिकामा करत बसावं लागतं. शेवटी कडी नीट लागली का ते ओढून बघा. अस्वलाला लोटलेलं दार आणि लागलेली कडी यातला फरक कळतो. आलंच समोर, तर पळू नका. उभे राहा, ताटं वाजवा, ओरडा, आणि पिल्लू दिसलं तर त्याच्या आणि आईच्या मधे येऊ नका. माणसांच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला शेवटी मारून टाकावं लागतं. आपल्या चकल्यांची ही किंमत असू नये.

नळाखाली भांडी घासणं

आपला हात आपोआप नळाकडे जातो. कॅम्पग्राउंडच्या नळाखाली भांडी, कपडे, भाज्या, हातपाय धुणं हा फेडरल नियमाचा भंग आहे, होस्ट कितीही हसतमुख असला तरी. कारणही आहे: नळापाशी साचलेलं खरकटं पाणी अस्वल, उंदीर आणि माश्यांना आमंत्रण देतं. दोन घमेली न्या. पाणी भरून साइटवर आणा, एकात घासा, एकात विसळा. पाणी गाळून खरकटं कचऱ्यात टाका, आणि गाळलेलं पाणी कुठे ओतायचं ते होस्टला विचारा.

शौचालय म्हणजे खाली खोल टाकी असलेली खोली. आत नळ नाही, दिवा नाही, कधी कधी कागदही नाही. आपल्या लोकांनी पाण्याची एक बाटली त्यासाठी वेगळी ठेवावी आणि तिच्यावर मार्करने मोठी खूण करावी. का ते सांगत बसत नाही. टाकीत डायपर किंवा पिशव्या टाकू नका, त्या हाताने बाहेर काढाव्या लागतात आणि ते काम कुणातरी माणसालाच करावं लागतं.

शेकोटी हा हक्क वाटणं

सह्याद्रीत गडावर पोचलो की आधी काटक्या गोळा करायच्या, तीन दगड मांडायचे. इथे ती सवय सोडा. आग फक्त लोखंडी कड्यात, आणि तीही बंदी नसेल तरच. फाटकापाशी फलकावर रोजची स्थिती लावलेली असते. बंदीच्या पायरीप्रमाणे कधी फक्त गॅस स्टोव्ह चालतो, कधी कॅम्पग्राउंडात चालतं आणि बाहेर नाही. कॅम्पग्राउंडच्या बाहेर, मोकळ्या फॉरेस्टात मुक्काम करणार असाल तर साध्या स्टोव्हसाठीही कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट लागतं. ते ऑनलाइन, फुकट मिळतं, घरूनच काढा.

लाकडं घरून आणू नका. सालीखाली बसून आलेले किडे नव्या जंगलात पसरतात, म्हणून जिथे जाळायची तिथेच विकत घ्यायची. आणि दहा हजार फुटांवरची ती वाळकी, पिळवटलेली पांढरट खोडं सरपण नव्हेत. त्यातली बरीच व्हाइटबार्क पाइनची असतात. फार हळू वाढणारं हे झाड २०२२ साली केंद्र सरकारने धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत घातलंय.

विझवताना नुसती माती लोटून झोपायला जाऊ नका, खाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर आणखी पाणी.

तिथे गेल्यावर अडलं तर

स्टोव्ह सकाळी मंद जळतो: भारतीय किंवा कोरियन दुकानात मिळणारा चपटा स्टोव्ह ब्यूटेनच्या डब्यावर चालतो. ब्यूटेन गोठणबिंदूच्या आसपास वाफ व्हायला कुरकुर करतो, आणि वापरताना डबा स्वतःहून आणखी गार होत जातो. डबा रात्री पांघरुणात घेऊन झोपा, किंवा प्रोपेनचा स्टोव्ह आणा. प्रोपेनला उणे चाळीसपर्यंत काही होत नाही. रिकामे डबे कचऱ्यात टाकू नका, परत आणा.

डास: बर्फ वितळल्यावरचे तीन-चार आठवडे सर्वांत वाईट. लांब बाह्या, जाळीची टोपी, डास पळवणारं डीट किंवा पिकारिडिन. डीट प्लास्टिक खातं, चष्म्याची फ्रेम आणि घड्याळ सांभाळा.

खुंट्या जमिनीत जात नाहीत: खाली ग्रॅनाइट आहे. तंबूबरोबर आलेल्या बारीक तारा वाकतात. जाड खुंट्या आणा, नाहीतर दोरी मोठ्या दगडाला बांधा. मोकळा तंबू ठेवून फिरायला गेलात तर दुपारच्या वाऱ्यात तो तळ्यात सापडतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून बाहेर पडताना वरचं कापड लावूनच पडा, आणि ढग जमले की उघड्या माथ्यावरून उतरा.

गाडी सुरू होत नाही: डिकी दोन तास उघडी होती, आतला दिवा चालू होता, शिवाय तिघांचे फोन चार्जिंगला. टो ट्रकला बोलवायला रेंज नाही. खिशात मावणारा जंप स्टार्टर सोबत ठेवा. नकाशेही आधीच उतरवून घ्या.

परतीचा उतार

ली व्हाइनिंगकडे उतरायचं असेल तर टायोगा पासपासून १२ मैलांत तीन हजार फुटांहून जास्त उतार आहे, आणि एका अंगाला सरळ दरी. गाडी भरलेली, मागे झोपलेली मुलं, पाय सतत ब्रेकवर. खाली पेट्रोल पंपावर चाकांतून जळका वास येणाऱ्या गाड्या दर उन्हाळ्यात दिसतात. गिअर खाली टाका, ब्रेक मधून मधून दाबून सोडा, मागची गाडी घाई करत असेल तर बाजूला घेऊन तिला जाऊ द्या. पश्चिमेकडून, ग्रोव्हलँडमार्गे बे एरियात परतणार असाल तर प्रीस्ट ग्रेडला फाटा येतो. जुना रस्ता आखूड म्हणून फोन कधी कधी तिकडे वळवतो. तो फार तीव्र उताराचा आहे, आणि ब्रेक गेल्याच्या गोष्टी तिथल्याच ऐकू येतात. सरळ नव्या रस्त्याने, वळणं घेत उतरा.